मास्तर तिथे ठणठणीत असतात

तपासणीच्या दिवशी मास्तर सकाळपासून चार वेळा अडकले. एकदा पलंगाच्या कडेला, एकदा न्हाणीघराच्या दारात, एकदा कपाटासमोर, आणि एकदा खोलीच्या ऐन मध्यभागी, जिथे अडायला काही कारणच नव्हतं. अंग पुढे निघायचं आणि पाय जागेवरच राहायचे, खिळे ठोकल्यासारखे. मास्तरीणबाईंनी दर वेळी त्यांच्या कोपराखाली हात घातला, "एक, दोन, चला" म्हटलं, आणि मनातल्या मनात म्हणाल्या, बरं झालं बाई, आज चांगलेच आजारी आहेत.

नवऱ्याच्या आजाराचं असं कौतुक वाटायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. पण त्यांचाही नाइलाज होता. मास्तरांना पार्किन्सन होऊन सात वर्षं झाली होती. सरकारने अशा लोकांसाठी 'दीर्घ आजार सहाय्य कक्ष' उघडला होता आणि हा कक्ष आठवड्यातून आठ तास एक शिकलेला मदतनीस घरी पाठवत असे. मात्र त्यासाठी तपासणीत वीसपैकी बारा गुण पडावे लागत. माणूस जितका निकामी तितका त्याचा नंबर वर, अशी ही जगातली बहुधा एकमेव परीक्षा असेल. चालता येत नाही, तीन गुण. बटण लावता येत नाही, दोन गुण. घास गिळताना ठसका लागतो, आणखी दोन. मास्तरीणबाईंनी घरी कशीही बेरीज केली तरी ती पंधराच्या खाली येत नव्हती. नवरा इतक्या चांगल्या गुणांनी पास होणार म्हणून त्या निर्धास्त होत्या.

आठ तास त्यांना सिनेमाला जायला नको होते. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. त्या घरी बसून लोकांचे कपडे मापाचे करून देत. कुणाची कंबर सैल, कुणाची बाही लांब. गेल्या महिन्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड केला, आणि तो गृहस्थ इतका भला, की तशीच घालून गेला. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा हुकली, कारण मास्तरांपाशी बसायला कुणी नाही. लेक दुसऱ्या शहरात, तिला स्वतःची दोन पोरं आणि शिफ्टची नोकरी. शेजारीण मनाने सोनं, पण बेकरीत कामाला, तीन वाजेपर्यंत भट्टीपुढून हलता येत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नर्सने स्पष्ट सांगून टाकलं होतं, "तिसऱ्यांदा चुकलात तर नाव यादीच्या तळाशी जाईल, मावशी." तळाशी म्हणजे दीड वर्ष. दीड वर्षाने त्या डोळ्यात वाचवायला काही उरलं नसतं, हे मास्तरीणबाईंना नर्सने न सांगताही कळत होतं.

सकाळची गोळी द्यावी की न द्यावी, असं एक पाप त्यांच्या मनात येऊन गेलं. गोळी दिली की दोनेक तास मास्तर जरा मोकळे होत. न देता नेलं तर गुण जास्त. त्यांनी गोळी हातात घेऊन क्षणभर तशीच धरली, मग मास्तरांकडे पाहिलं आणि मुकाट्याने ती त्यांच्या जिभेवर ठेवली.

कक्षाचं नुकतंच नूतनीकरण झालं होतं. दारावर हसऱ्या म्हाताऱ्यांचं भलं मोठं चित्र होतं. त्यातल्या एकालाही साधी सर्दीसुद्धा झालेली वाटत नव्हती. खाली लिहिलं होतं, 'आम्ही बदलतोय, तुमच्यासाठी.' बदल म्हणजे काय, तर खुर्च्या अर्ध्या झाल्या होत्या आणि फरशी नवी आली होती. दारापासून तपासनिसाच्या टेबलापर्यंत आडव्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, एकेका पावलाच्या अंतराने. रांगेत ढकलाढकली होऊ नये म्हणून कुणा सल्लागाराने ही अक्कल काढली होती. मध्ये दोन काळ्या पट्ट्या सोडायच्या आणि तिसरीवर उभं राहायचं. आजारी माणसं खाली बघत, पट्ट्या मोजत, शहाण्यासारखी उभी होती.

मास्तरांचं नाव पुकारलं गेलं. मास्तरीणबाईंनी सवयीने त्यांच्या कोपराखाली हात घातला आणि "एक, दोन" म्हणायला तोंड उघडलं. मास्तरांनी खाली पाहिलं. आणि चालायला लागले.

नुसते चालायला नव्हे. गुडघे उचलून, हात हलवत, ताठ मानेने, पट्टीमागून पट्टी ओलांडत निघाले. एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, दर क्रीडादिनाला संचलनाच्या पुढे चालले, अगदी तसे. ज्या माणसाला न्हाणीघरातून बाहेर काढायला सकाळी वीस मिनिटं लागली होती, त्याला गाठायला मास्तरीणबाईंना धावावं लागलं.

"वा, काका! झकास!" तपासनीस म्हणाला. हा तिशीतला, बेताच्या मिशीचा गृहस्थ होता. छातीवर 'हसतमुख सेवा' असा बिल्ला होता आणि तो बिल्ल्याशी इमान राखून होता. त्याने संगणकावर बोटं चालवली. "चालणं स्वतंत्र, सहज. शून्य."

"अहो, ते घरी असे चालत नाहीत," मास्तरीणबाईंना अजून धाप लागली होती.

"काकू, मला जे दिसतं ते मी लिहितो. बटण लावता येतं?"

"नाही."

"काकांच्या अंगातल्या कपड्याला बटणंच नाहीत."

"बटणं लावता येत नाहीत म्हणूनच तर मी बिनबटणाचा शिवलाय!"

"म्हणजे अडचण सुटली ना," तो आनंदाने म्हणाला. "लागू नाही. शून्य."

पुढचं सगळं असंच गेलं. गोळी नेमकी त्याच वेळी अंगात भिनलेली, त्यामुळे हात मांडीवर बऱ्यापैकी निवांत पडले होते. ठसका लागला नाही, कारण तिथे कुणी खायला दिलं नव्हतं. या आजाराने चेहऱ्याचे स्नायू आखडतात; मास्तरांना गेली तीन वर्षं हसता येत नव्हतं की रागावता येत नव्हतं. तपासनिसाने त्या चेहऱ्याकडे पाहून लिहिलं, 'अर्जदार शांत व समाधानी.' आवाजही आजाराने खाल्लेला, कानाशी तोंड नेल्याशिवाय ऐकू न येणारा. त्यापुढे लिहिलं, 'बोलणं मृदू व नम्र.' मैदानाच्या पलीकडची पोरं ज्या आवाजाने जागच्या जागी थिजायची, त्याला मृदू म्हणणारा हा पहिलाच भेटला. एकूण गुण चार. ते कशाचे होते हे मास्तरीणबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा वयाचे असावेत.

"घरी येऊन बघा ना एकदा," त्या म्हणाल्या.

"घरभेट पूर्वी होती, काकू. सुधारणांमध्ये ती काढली. आता सगळं एकाच छताखाली."

मास्तरांना चार गुण पडले आणि त्या दिवशी घरी त्यांच्याशी कुणी बोललं नाही. म्हणजे घरात बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते शिवणयंत्रावर बसून गरज नसताना पायटा हाणत होतं. मास्तर काहीतरी सांगू पाहत होते. त्यांचा आवाज यंत्राच्या खडखडाटात बुडत होता, आणि मास्तरीणबाईंना तो बुडायलाच हवा होता. त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. तिथे परक्या माणसासमोर दौडत गेले. मग इथे माझ्यासमोर सात वर्षं चाललंय ते काय? माझ्याच वाट्याला खांब होऊन उभे राहतात? असं वाटणं बरोबर नाही हे त्यांना कळत होतं, तरी वाटायचं थांबत नव्हतं. जेवणाचं ताट त्यांनी जरा जोरातच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर स्वयंपाकघराच्या दारात अडकले. त्यांनी यंत्रावरच्या खडूकडे, कापडावर खुणा करायच्या त्या चपट्या खडूकडे, बोट दाखवलं. मग जमिनीकडे. मास्तरीणबाईंनी कपाळाला आठ्या घालून त्यांच्या पायांपुढे एक आडवी रेघ ओढली. मास्तरांनी रेघेकडे पाहिलं, पाय उचलला आणि पलीकडे गेले.

"फक्की," मास्तर म्हणाले.

आयुष्यभर मैदानावर त्यांनी चुन्याची फक्की मारली होती. धावण्याच्या रेघा, लांब उडीच्या रेघा, कवायतीच्या रेघा. त्यांनी बायकोला जवळ बोलावून कानात सांगितलं, "रेघ दिसली की पाय ऐकतो. नाही दिसली तर नाही ऐकत. का, ते मला नको विचारू."

मास्तरीणबाई तिथेच जमिनीवर बसल्या. "मला वाटलं, माझ्याचपुढे तुम्ही..." त्या रडल्या, आणि आपण नवऱ्यावर दोन दिवस संशय घेतला याची त्यांना इतकी लाज वाटली, की खडू हातात धरून त्या कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. मास्तरांचा चेहरा नेहमीप्रमाणे शांत व समाधानी होता.

संध्याकाळपर्यंत घरभर रेघा झाल्या. त्यांनी चालण्याचं थोडं भागलं. पण रेघेवर माणसाला वळता येत नाही. वळायची वेळ आली की मास्तर पुन्हा अडकत. रेघ घास गिळत नाही, अंघोळ घालत नाही, पलंगावर कूस बदलून देत नाही, आणि लादी पुसली की पुसली जाते. मास्तरीणबाईंनी हे सगळं कक्षाला फोन करून तपासनिसाला समजावून सांगितलं.

"मग प्रश्नच मिटला की, काकू!" तो म्हणाला. "घरी पट्ट्या मारून घ्या."

"आणि पट्ट्या मारल्यावर तुम्ही येऊन त्यांना भरवणार का?"

"त्यासाठी फेरतपासणीचा अर्ज करा."

त्यांनी अर्ज केला. महिनाभराने पत्र आलं. फेरतपासणी गुरुवारी सकाळी दहाला. ते वाचून त्यांनी कपाटातलं डोळ्यांच्या दवाखान्याचं कार्ड काढलं आणि दोन्ही कागद खिडकीपाशी नेऊन नाकाला लावून पाहिले. ऑपरेशनची तिसरी तारीख, तोच गुरुवार, साडेदहा. कक्षाला फोन केला तर उत्तर आलं, तारीख बदलता येईल, पण अर्ज नव्याने करावा लागेल, म्हणजे चार महिने. दवाखान्याला फोन करायची त्यांची छातीच झाली नाही.

पत्राच्या मागे 'सुधारित सूचना' छापल्या होत्या. त्यांनी त्या चिडून मोठ्याने वाचल्या. अर्जदाराने दहा ते पाच हजर राहावं, नंबर केव्हाही लागेल. कक्षात गर्दी होत असल्याने अर्जदारासोबत कुणीही आत थांबू नये. अर्जदाराला लागणारी सर्व मदत कक्षाचे तत्पर कर्मचारी करतील.

"तत्पर म्हणे! यांची तत्परता मी पाहिलीय."

"पुन्हा वाच," मास्तर म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाचलं. मास्तरांनी बायकोला कान जवळ आणायची खूण केली.

"मग मला तिथेच ठेव."

"काय?"

"त्यांच्या मते मी तिथे ठणठणीत असतो ना? राहू दे की मग तिथेच. तू डोळा करून ये."

ते चेष्टा करताहेत की खरं बोलताहेत, हे मास्तरीणबाईंना कळेना. चेहऱ्यावर काही दिसायची सोय नव्हती. त्यांनी खांद्यांकडे पाहिलं. खांदे हलत होते, पण ते आजारानेही हलत.

"तुम्हाला भीती नाही वाटायची? दिवसभर, परक्या लोकांत?"

"वाटेल की," मास्तर म्हणाले. "पण त्यांना जास्त वाटेल."

गुरुवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना मास्तर पट्ट्यांवरून डौलात चालत तपासनिसाच्या टेबलापर्यंत गेले. मागून मास्तरीणबाई पिशवी घेऊन आल्या. पिशवीत गोळ्यांची डबी, तोटीचा पेला, मऊ भाताचा डबा, एक टॉवेल आणि दोन जादा पॅन्ट होत्या. वर एक कागद, ठळक अक्षरांत लिहिलेला.

"काकू, सोबत कुणी थांबायचं नाही," तपासनीस हसतमुखाने म्हणाला.

"म्हणूनच तर मी चालले. एकची गोळी एकलाच द्यायची, सव्वाला नाही. अडकले तर ओढायचं नाही, 'एक, दोन' म्हणायचं. घास छोटा, आणि तो गिळल्याशिवाय पुढचा नाही. बाकीचं यात लिहिलंय."

"अहो, हे आमचं काम नाही."

मास्तरीणबाईंनी पत्र उलटं करून त्याच्यापुढे धरलं. "खाली ही सही कुणाची?"

"माझी."

"मग वरचं वाचा."

त्याने वाचलं. बहुतेक पहिल्यांदाच वाचलं असावं, कारण बिल्ल्यावरचं हसतमुख तेवढं छातीवर राहिलं आणि खरं मावळलं. मास्तरीणबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या वळल्या. दार ओलांडेपर्यंत त्या शूर होत्या. दवाखान्यापर्यंतचं दहा मिनिटांचं अंतर त्या स्वतःला शिव्या देत चालल्या.

"सोबत कोण आहे?" नर्सने विचारलं.

"शेजारीण येईल साडेतीनला न्यायला. आमचे हे सरकारी कामात आहेत."

दिव्याखाली निजल्यावर डॉक्टर म्हणाले, आता अजिबात हलायचं नाही. एरवी त्या हसल्या असत्या. सात वर्षं त्या एका माणसाला हलवायच्याच खटपटीत होत्या. डोळ्यात काय चाललंय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. किती वाजले, एवढंच त्यांनी तीनदा विचारलं. गोळी दिली असेल का? भात दिला असेल का? घाईघाईत भरवला आणि घास श्वासनलिकेत गेला तर? आपण एका डोळ्यासाठी नवरा पणाला लावला, हा विचार त्यांच्या छातीवर बसला तो उठेना.

चार वाजता, उजव्या डोळ्यावर पट्टी आणि डाव्या बाजूला बेकरीवाल्या शेजारणीचा हात, अशा अवस्थेत त्या कक्षात शिरल्या. आधी त्यांना जमीनच दिसली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या जिथे संपत होत्या तिथून शौचालयाच्या दारापर्यंत फेरतपासणीचे कोरे अर्ज एका ओळीत, एकेका पावलाच्या अंतराने, फरशीला चिकटवले होते. शेवटचा अर्ज चिकटवत तपासनीस गुडघ्यांवर बसला होता. बाह्या वर, शर्ट घामाने ओला, बिल्ला उलटा. आणि कक्षाच्या साहेबांच्या काचेच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीत मास्तर बसले होते. हात टेकता येतील अशी खुर्ची सगळ्या कक्षात तेवढी एकच होती. साहेब बाहेर स्टुलावर होते.

मास्तरीणबाई जवळजवळ धावतच गेल्या. त्यांनी मास्तरांचे हात, गाल, गळा चाचपून पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. पॅन्ट मात्र दुसरी होती.

झालेला प्रकार चौकशीच्या खिडकीवरच्या बाईने सांगितला, आणि ती तो इतका रंगवून सांगत होती, की तिचा दिवस चांगला गेला हे उघड होतं. अकराला तपासनिसाने मास्तरांना चालवून पाहिलं. मास्तर पट्ट्यांवरून झकास चालले, पुन्हा शून्य. बाराला त्यांना शौचालयाला जायचं झालं. तिकडची फरशी साधी, पांढरी. मास्तर शौचालयाच्या दारात अडकले ते अडकलेच, आणि साहेब होते आत. वीस मिनिटं सरकारचा कारभार तिथे बंद होता. तपासनिसाने कागद न वाचता मास्तरांना हात धरून ओढलं, तर दोघे आडवे होता होता वाचले, आणि व्हायचं ते पॅन्टमध्येच होऊन गेलं. एकला तपासनीस जेवायला गेला. गोळी राहिली. पावणेदोनला मास्तर लाकडासारखे ताठ झाले, त्यांना बोलताही येईना. तपासनिसाची पाचावर धारण बसली. त्याने घाबरून कक्षाच्याच मदतक्रमांकावर फोन लावला. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, आपण रांगेत एकेचाळिसावे आहात.

"आणि तो फोन वाजत होता कुठे, तर माझ्याच टेबलावर!" खिडकीवरची बाई म्हणाली. "मी कशी उचलणार? माझ्या हातात काकांचा पेला होता. गोळी मीच दिली शेवटी, तुमचा कागद वाचून."

"भात?"

"तो यांनी भरवला," तिने तपासनिसाकडे बोट दाखवलं. "एक तास लागला."

तपासनीस उठून जवळ आला. गुडघ्यांवर धूळ होती. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच काहीतरी आलं, जे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"काकू, हे रोज असंच असतं?"

"आज बरा दिवस होता," मास्तरीणबाई म्हणाल्या.

 त्याने टेबलावरून एक कागद आणला. "तुमचे आठ तास मंजूर झालेत. सोमवारपासून मदतनीस येईल. इथे सही करा."

मास्तरीणबाईंना क्षणभर ऐकलेलं खरं वाटेना. त्यांनी कागद डाव्या डोळ्याशी धरला आणि ओळीवरून बोट फिरवत वाचला. गुण, चार. ते तसेच होते. त्याखाली होतं, मंजुरीचं कारण. आणि पुढे, 'अर्जदारामुळे कार्यालयाची होणारी गैरसोय टाळणे.'

"इथे आजार लिहा," त्या म्हणाल्या.

तपासनिसाने आवाज खाली आणला. "आजार लिहायचा तर बारा गुण लागतात, काकू. ते इथे पडत नाहीत, तुम्ही पाहिलंत. मग ते समितीकडे जातं. समिती वर्षातून दोनदा बसते. गैरसोय असली की साहेबांच्या अधिकारात होतं, आजच्या आज."

"तुमची एक दिवस गैरसोय झाली, तर संध्याकाळच्या आत मंजुरी. माझी सात वर्षं होतेय. तिचा रकाना कुठाय?"

त्याने कागद घेतला आणि खरोखरच शोधला. पुढून पाहिला, मागून पाहिला.

"नाही," तो म्हणाला. "रकाना नाही."

मास्तरीणबाईंना तो कागद टराटरा फाडून त्याच्या टेबलावर टाकावासा वाटला. हातही पुढे गेला. इतकी वर्षं धुतलेली अंथरुणं, कापून बारीक केलेले घास, रोज सकाळी न्हाणीघराच्या दारात म्हटलेलं "एक, दोन", आणि त्या सगळ्याचं सरकारदरबारी नाव काय, तर साहेबांना वीस मिनिटं शौचालयातून बाहेर येता आलं नाही. मास्तरांनी त्यांचा पदर ओढला. त्या वाकल्या.

"सही कर."

"अहो, पण हे खोटं आहे."

"खोटं कसं? गैरसोय झालीय. मी स्वतः केलीय. दिवसभर घाम गाळून."

त्यांचा चेहरा शांत व समाधानी होता. मास्तरीणबाईंना हसू फुटलं, ते आवरेना, आणि हसताना ऑपरेशन झालेला डोळा चुरचुरायला लागला, आणि मग त्या हसताहेत की रडताहेत हे शेजारणीलाही सांगता येईना. त्यांनी पेन मागितलं. एका डोळ्याने चौकट नीट दिसत नव्हती; सही चौकटीच्या बाहेर, अर्धी 'गैरसोय' या शब्दावर पडली. तपासनिसाने ती पाहिली. एरवी त्याने दुसरा कागद भरायला लावला असता. आज त्याने शिक्का उमटवला आणि कागदावर फुंकर मारून तो त्यांच्या हातात दिला.

मास्तरीणबाईंनी कागदाची घडी घालून ती पिशवीत गोळ्यांच्या डबीखाली ठेवली. मग त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात त्यांच्या कोपरांखाली घातले.

"चला, उठा आता, गैरसोय," त्या म्हणाल्या, "घरी जाऊ."